आडवे सात आणि गच्चीवरचे भोपळे

हसायचं असेल तर हातातला चहा आधी संपवा, कारण हा माझ्या हुशारीचा किस्सा आहे!

तुम्हाला माहीतच आहे, रविवारचं शब्दकोडं पेनानं सोडवणारा आमच्या गल्लीत मी एकटाच. पेन्सिल काय, कुणीही धरतं! त्या रविवारी कोडं सगळं झाडाफुलांवर होतं. पुंकेसर, परागकण, भराभर भरत गेलो. आडवे सात : ‘फुलाच्या बुडाशी असलेला फुगीर भाग, ज्याचं पुढे फळ होतं, चार अक्षरी.’ अंडाशय! विचारसुद्धा करावा लागला नाही.

आमची ही तेव्हा स्टँडवर गेली होती, मैंदर्गीहून येणाऱ्या सासूबाईंना आणायला. लाल भोपळ्याचं बी सासूबाईंनीच दिलेलं. हिनं ते गच्चीवर ड्रममध्ये लावलं, सोलापूरच्या उन्हात पोटच्या पोरासारखं जपलं आणि आईला फोन केला, ‘‘आई, तीन धरलेत! बघायला ये.’’ जाताना मला म्हणाली, ‘‘अहो, वेलीला पाणी घाला. तेवढंच करा.’’

तेवढंच करेन तर मी कसला?

कोडं सुटल्यामुळे अंगात वनस्पतिशास्त्र संचारलं होतं. वेल नीट तपासली. पिवळीधमक फुलं, बारीक देठ, वा! पण तीन फुलांच्या खाली काय? सुपारीएवढ्या हिरव्या गाठी! कीड, दुसरं काय? पसरायच्या आत खुडल्या आणि खाली घंटागाडी उभी होती, तिच्यात टाकून आलो. फार बरं वाटलं हो.

दोघी आल्या. सासूबाई पाणीही न पिता गच्चीवर. मी मागोमाग, कौतुकाच्या तयारीनं.

‘‘अहो, भोपळे कुठायत?’’ हिचा आवाज चढला.

‘‘कसले भोपळे? गाठी आल्या होत्या. वेळेवर काढल्या म्हणून वाचली वेल!’’

‘‘गाठी? फुलाच्या खाली? हिरव्या?’’

‘‘हो, तीन! आजचं कोडं सगळं झाडाफुलांवर होतं, म्हणून तर लगेच ओळखलं!’’

‘‘अय्यो!’’ म्हणून सासूबाई पाण्याच्या टाकीला टेकून खालीच बसल्या.

ही तरातरा खाली गेली, पेपर घेऊन आली आणि आडवे सात मोठ्यानं वाचलं. माझंच अक्षर. पेनानं लिहिलेलं, खोडायचीही सोय नाही. तिच्या डोळ्यांत पाणी बघितलं आणि मला खरंच वाईट वाटलं.

‘‘पण बाकी फुलं आहेत की!’’ मी धीर दिला.

सासूबाईंनी वेलीवरून सावकाश नजर फिरवली. मग माझ्यावरून.

‘‘व्हय जावईबापू, हायत की. पर ती समदी नर फुलं. नुसती डौलात उभी ऱ्हात्यात, फळ काय धरत न्हाय.’’

ही रडता रडता फिस्सकन हसली. म्हणाली, ‘‘आई, घरात एक होतंच की. आता गच्ची भरून झाली!’’

तरी जिना उतरताना मी हळूच म्हणालोच, ‘‘पण कोडं बरोबर आलं होतं ना?’’