पांढऱ्या गाडीची धर्मआई

एवारिस्तो चुकिमियाचे गुडघे कामातून गेले होते, आणि तरीही दर रविवारी एल आल्तोच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात तो लोकांच्या गाड्यांखाली शिरत होता. उभा जन्म मिनीबस चालवण्यात गेला. निवृत्त झाल्यावर उन्हात खुर्ची टाकून बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या ड्रायव्हरांना नावं ठेवायची, एवढंच त्याच्या मनात होतं. पण पोरगी, वारा, शिक्षिका झाली. नेमणूक मिळाली ती खाली दरीतल्या शाळेत, जिथं सकाळची बस कधी येते आणि कधी येतच नाही. मग वाराला गाडी हवी. स्वस्त हवी, कारण शिक्षिकेला पगार तो काय! आणि भरवशाची हवी, कारण रस्ता म्हणजे एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही.

एवारिस्तोची अट एकच होती. गाडी पालटलेली नको. बंदरावरून जपानी गाड्या यायच्या त्या उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या, आणि इथं चाक लागतं डावीकडे. कुठल्या तरी शेडमध्ये ते चाक उपटून डावीकडे बसवायचे, आतला दांडा कापायचे, लांबी जुळवायला त्याला जोड द्यायचे, आणि वर नवं कव्हर घालून गाडी बाजारात उभी करायचे. त्याचा सोबती रोमुलो असलीच मिनीबस घेऊन उतारावर होता, तेव्हा चाक त्याच्या हातात फिरत राहिलं आणि टायर सरळच गेले. त्याला दरीतून वर आणणाऱ्यांत एवारिस्तो होता. त्या दिवसाबद्दल तो घरात बोलत नसे, पण लेकीच्या हातात तसलं चाक द्यायचं नाही हे त्यानं पक्कं ठरवलं होतं.

आता हे घरच्यांना पटवायचं कोणी? बायको फोर्तुनाताला गाडी पांढरी आणि चकचकीत हवी होती. वाराला कुठलीही चालली असती, फक्त ती मिळायला हवी होती.

"बाबा, शाळा सोमवारपासून आहे," ती म्हणाली. "याच जन्मातल्या सोमवारपासून."

"मग चालत जा. पाय तरी कुणी कापून जोडलेले नाहीत तुझे."

त्या रविवारी सकाळपासून त्यानं इतक्या गाड्या पाहिल्या की डोकं भणाणून गेलं. एकीच्या दारावर लोहचुंबक लावलं तर ते चिकटेना, नुसती पुट्टी. एक गाडी म्हणे डॉक्टरीणबाईंची, फक्त दवाखान्यात न्यायची. मागच्या सीटखाली कोंबडीची पिसं निघाली. विकणारे सगळे साळसूद. प्रत्येकाची गाडी घरातली, प्रत्येकजण ती डोळ्यांत पाणी आणून विकत होता.

आपी, म्हणजे मक्याचं गरम पेय, विकणारीच्या ठेल्याशेजारी एक पांढरी स्टेशनवॅगन दिसली. मालकीण सेनोबिया, घेरदार घागऱ्यातली ठसठशीत बाई, बटाट्याची घाऊक व्यापारी. फोर्तुनाता तर गाडी बघून हरखलीच. एवारिस्तोनं आत डोकं घातलं. वायपर उलट्या बाजूला पडत होते, आणि जिथं मुळात चाक होतं तिथल्या भोकावर रेडिओचं झाकण बसवलं होतं. तो खाली शिरला, बघितलं, कण्हत बाहेर आला.

"बाई, दांड्याचा जोड गेलाय. वेल्डिंगच्या टाक्याला चीर आहे. चाक सैल आहे."

"झालं सुरू!" सेनोबियानं हात झटकला. "किंमत पाडायला सगळे हेच बोलतात. सकाळपासून तिघांनी मला इंजिन गेलंय म्हणून सांगितलं. माझा पोरगा रेने रोज हीच गाडी घेऊन ओरुरोला माल पोचवतो. तो काय आकाशात उडतो?"

एवारिस्तो पुढं गेला. गिऱ्हाइकाच्या तोंडचं खरं या बाजारात कोणी विकत घेत नाही, हे त्यालाही माहीत होतं.

आणि आपीवालीच्या त्याच ठेल्याच्या पलीकडे, दुसरी पांढरी स्टेशनवॅगन उभी होती. रंग मळका, एक हेडलाइट पिवळट, सीट फाटलेली. पण चाक मूळचंच डाव्या हाताचं. एवारिस्तो तिच्याखाली बराच वेळ पडून राहिला. मालक, एक कंटाळलेला म्हातारा, शेवटी खाली वाकून म्हणाला, "झोपलात का काय, राव?" एवारिस्तो वर आला तेव्हा पहिल्यांदाच हसत होता.

सौदा ठरला; फोर्तुनाता तेव्हा अजून पहिल्या गाडीपाशीच रेंगाळत होती. कागद करायला तो म्हाताऱ्याबरोबर आणि वाराबरोबर निघाला आणि जाता जाता बायकोला बजावून गेला, "ठेल्याशेजारची पांढरी. तिबुर्सियो आला की सजवायला घ्या."

तिबुर्सियो म्हणजे गाडीचा धर्मबाप. नवी असो वा जुनी, गाडी घरी यायच्या आधी तिची चाल्या व्हायला लागते: फुलं, फिती, कागदाचा रंगीत चुरा, फटाके, आणि चारी चाकांवर बियर. हा खर्च धर्मबापाचा आणि मानही त्याचाच. बियरचा पहिला घोट पाचामामाला, म्हणजे धरणीमातेला, मग आपल्याला. तिबुर्सियो भाविक माणूस. त्याला यायला उशीर झाला नव्हता, उलट तो फार लवकर आला होता, आणि तेव्हापासून जमिनीला एक घोट, आपल्याला दोन असं त्याचं चाललं होतं.

एवारिस्तो कागद घेऊन परतला तेव्हा फटाके वाजून गेले होते. फोर्तुनाता आनंदानं रडत होती. बॉनेटवर ग्लॅडिओलसचा हार, आरशांना फिती, काचेवरून फेस ओघळतोय. सगळं अगदी रीतसर. फक्त गाडी सेनोबियाची होती.

त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

"ठेल्याशेजारचीच सांगितलीत ना!" फोर्तुनाता म्हणाली. "ही ठेल्याशेजारचीच आहे."

"दोन्ही ठेल्याशेजारच्याच आहेत! ठेल्याला बाजू दोन असतात, बाईसाहेब!"

"मग तसं सांगायचं."

तिबुर्सियो खोक्यावर बसून समाधानानं मान डोलवत होता. तेवढ्यात सेनोबिया जेवून आली, आपली न्हालेली गाडी बघितली, आणि अख्ख्या रांगेतल्या गिऱ्हाइकांनी माना वळवल्या.

"कोणत्या मुडद्यानं केलं हे? आता ही कोण घेणार? दुसऱ्याच्या नावानं चाल्या झालेली गाडी फुकटात तरी कोणी नेईल का? तुम्हीच न्या आता!"

"बरोबरच आहे त्यांचं," फोर्तुनाता नवऱ्याच्या कानाशी लागली. "पाचामामानंच निवडली म्हणायची. घ्या ना हीच. दिसतेही बरी."

"पाचामामानं नाही, तिबुर्सियोनं निवडली! पाचामामा कधी गाडीखाली शिरली होती का?"

"जीभ आवरा!" ती खरोखरच घाबरली होती. "ती दुसरी गाडी अशीच कोरडी घेऊन पोर उतारावर जाणार? मी बसू द्यायची नाही तिला. तुम्ही दांडे बघा, माझ्या पोरीचं मला बघू द्या."

एवारिस्तोचा पारा चढला होता, तोंडापर्यंत शब्दही आले होते, पण ते त्यानं गिळले. रोमुलोला वर आणला तेव्हा ही तिथंच उभी होती, रस्त्याच्या कडेला. ती मेली असती भीतीनं त्या दिवशी. त्या भीतीपायी तो गाड्यांखाली शिरत होता आणि ती बियर ओतत होती.

"मग आणखी एकदा करू चाल्या," तो मऊ पडून म्हणाला.

"कोण करणार? तिबुर्सियोची करून झाली. आणि सख्ख्या बापानं केलेली चालत नाही."

मग वाराच पुढं झाली. सेनोबियापुढं उभी राहिली आणि शाळेत पोरं उभी राहतात तसे हात जोडून म्हणाली, "मावशी, चूक आमची आहे. तुमची गाडी मी धुऊन देते. पण माझ्या गाडीला धर्मआई नाही. तुम्ही व्हाल?"

सेनोबियाचं तोंड उघडंच राहिलं. शिव्या अजून संपल्या नव्हत्या, पण धर्मआई व्हा म्हटल्यावर नाही म्हणता येत नाही. तसं कोणी म्हणतच नाही. तिनं आपली गोल बोलर टोपी सारखी केली.

"शिकवल्यासारखी बोलते पोरगी," ती गुरगुरली. "आणि बियर मीच आणायची, नाही का? दिवसभरात माझी गाडी विकली गेली नाही, वर हा खर्च!"

आणली मात्र तिनं चांगली दोन खोकी. चारी चाकांवर नीट ओतली, मळक्या बॉनेटला स्वतःच्या हातानं फिती बांधल्या आणि मोठ्यानं म्हणाली, "पाचामामा, ही माझी पोर. खाली नेशील तशी वर आण." फोर्तुनाताचा जीव भांड्यात पडला. मग रीतीप्रमाणे सगळ्यांनी सगळ्यांना मिठ्या मारल्या, एकमेकांच्या डोक्यावर रंगीत चुरा टाकला. सेनोबियानं एवारिस्तोच्या टकलावर अख्खी मूठ रिकामी केली.

"झालो आता आपण नात्यातले, भाऊ. झालं गेलं विसरा."

एवारिस्तो हसला नाही. पलीकडे तिचा रेने ओल्या गाडीत चाकामागं बसून हॉर्न वाजवत होता; त्याला घरी जायची घाई होती.

"ताई," तो म्हणाला, "त्या गाडीतून रेनेला जाऊ देऊ नका."

"सकाळीही हेच म्हणालात."

"सकाळी मी गिऱ्हाईक होतो."

तो तिला गाडीपाशी घेऊन गेला. रेनेला म्हणाला, "चाक हळूच हलव, बाळा." आणि सेनोबियाला म्हणाला, "तुम्ही टायर बघा." रेनेनं चाक इकडून तिकडे, तिकडून इकडे हलवलं. टायर जागचा हलला नाही.

"हे असंच असतं आई हिचं," रेने म्हणाला. "सवय होते."

सेनोबियानं खिडकीतून हात घातला, किल्ली काढली आणि मुठीत आवळली.

"उतर."

"अगं, पण विकायचीय ना? अजून गिऱ्हाईक येईल—"

"उतर म्हणते ना! कुणाला विकू ही? कुणाच्या पोराला?"

रेने उतरला. बटाट्याचा धंदा, ओरुरोच्या खेपा, सगळं त्या मुठीत अडकलं होतं आणि ते तिलाही कळत होतं. तिनं घागऱ्याच्या काठानं डोळे पुसले आणि एवारिस्तोकडे वळली.

"भाऊ, पुढच्या रविवारी याल माझ्या रेनेसाठी गाडी बघायला?"

एवारिस्तोनं दूरवर लागलेल्या पांढऱ्या गाड्यांच्या रांगेकडे बघितलं. प्रत्येकीखाली शिरायचं होतं. गुडघे आत्ताच ठणकत होते.

"येतो," तो वैतागून म्हणाला. "पण तिबुर्सियोला घरी ठेवून येतो."