फळीवरची मोकळी जागा

मोहाडीत आल्यावर तिसऱ्याच दिवशी माझं पंक्चरवाल्याशी भांडण झालं. पुढचं सगळं त्या भांडणातून निघालं, हे मला फार उशिरा कळलं.

मोहाडीत मी का आलो, ते आधी सांगतो. नागपुरात माझं पाइप, नळ आणि मोटारपंपांचं दुकान होतं. होतं म्हणजे आजही आहे. आता त्यात मुलगा बसतो. उभं मी केलं. जुन्या काळ्या सायकलवर स्टोव्हच्या पिना, वॉशर आणि कंदिलाच्या वाती घेऊन दारोदार फिरलो, मग फुटपाथवर बसलो, मग शटर घेतलं. समोरच्यानं सांगितलेला पहिला आकडा कधी खरा मानायचा नाही, एवढंच माझं शिक्षण. मुलानं त्याच दुकानात गल्ल्याच्या वर पाटी लावली: 'एकच भाव. कृपया घासाघीस करू नये.' गिऱ्हाइकांना ती लागतच नव्हती. दुकानात घासाघीस करणारा एकटा मी होतो. एका प्लंबरशी बोलताना माझा आवाज चढला, तेव्हा त्याच्यादेखत मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही घरी जा." मी गेलो. दुसऱ्या दिवशी पाहतो तर माझी खुर्ची वर माळ्यावर, पंपांच्या रिकाम्या खोक्यांशेजारी.

बायको आधीच गेलेली. मुलगी मोहाडीला सरकारी नोकरीत, जावई कामासाठी बाहेरगावी. तिनं बोलावलं. मी कपड्यांची एक बॅग घेतली आणि ती काळी सायकल टेम्पोत टाकून आणली. त्या घरात मुलानं जिला अजून हात लावला नव्हता अशी तेवढीच एक वस्तू उरली होती.

पंक्चरवाल्याची टपरी बाजाराच्या वाटेवर पिंपळाखाली आहे. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं ट्यूब काढली, हवा भरली, घमेल्यातल्या पाण्यात फिरवली. दोन जागी बुडबुडे आले.

"दोन हाय जी," तो म्हणाला. "पाहा."

मी पाहिलं नाही. माल बघण्याआधी नाक मुरडायचं, ही जुनी सवय. "एकच होतं," मी म्हणालो. "दुसरं तूनं आता पाडलं. मीही दुकानदार आहो, मले नको शिकवू."

आजूबाजूला चार-पाच माणसं होती. टायरच्या आतून बोट फिरवून त्यानं हिवराचा लांब पांढरा काटा काढला, मग चपलेचा एक बारीक खिळा. दोन्ही माझ्या तळहातावर ठेवले. दोन्ही पंक्चर काढली, चाक बसवलं. मी पैसे पुढे केले तर म्हणाला, "राहू द्या. तुमचे नाही पाहिजे."

मी भाव पाडायला गेलो होतो, आणि त्यानं भावच सांगितला नाही. असा अपमान माझा फुटपाथवरही झाला नव्हता. काटा-खिळा मी रस्त्यावर फेकला आणि निघालो.

रोज सकाळी मी भंडारा-तुमसर रस्त्यावर सायकल चालवायचो, कारण मला दुसरा रस्ता माहीत नव्हता. एके दिवशी रेतीचा टिप्पर इतक्या जवळून गेला की मी सायकलसकट खाली गेलो. कोपर सोललं. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मुलीनं ते पाहिलं, हळद लावली आणि सायकलला कुलूप घातलं.

"किल्ली दे," मी म्हणालो.

"ट्रक चालत नाही असा रस्ता शोधा. कागदावर काढून मले द्या. म्हणजे तुम्ही आले नाही त मी कुठं पाहू, हे मले समजलं पाहिजे."

"आणि नाही भेटला त?"

"पोळ्यापर्यंत पाहीन. मग सायकल आमच्या शिपायाले देऊन टाकीन. त्याची पोरगी शाळेत पायी जाते."

मी दिवाळीपर्यंत मुदत मागितली. ती म्हणाली, पोळा. मी दसऱ्यावर आलो. ती म्हणाली, पोळा. एकच भाव. ती पाटी माझ्या मागे मोहाडीपर्यंत आली होती. शोधायला म्हणून किल्ली तेवढी मिळाली.

आधी मी फोनमधल्या नकाशावर भरवसा ठेवला. त्यात मोठ्या रस्त्यापासून फुटणाऱ्या पुष्कळ बारीक रेघा होत्या. त्यातली एक तलावाच्या पाळीला वळसा घालून सरळ पुढच्या गावात जात होती. मी निघालो. डांबर संपलं, मग खडी संपली, मग बैलगाडीची चाकोरी लागली आणि तीही चिखलात उतरली. फोन म्हणत होता, सरळ जा. सरळ पाहिलं तर बांध्यांमध्ये पाणी भरलेलं आणि त्यात वीस-पंचवीस बाया वाकून धानाची रोवणी करत होत्या.

एकीनं मान वर केली. "मामाजी, सायकलीनं रोवना करता का जी?"

बाकीच्या हसल्या. मी फोन वर धरून म्हणालो, "ह्याच्यात रस्ता आहे इथून."

"हाय ना," ती म्हणाली. "उन्हाळ्यात हाय."

मग मी माणसांना विचारू लागलो. इथला माणूस रस्ता सांगताना हात लांब करतो आणि म्हणतो, हे काय, इथंच. तिघांना विचारून मधला आकडा धरायचा, हा माझा हिशेब. एका म्हाताऱ्यानं मला नीट बजावलं होतं की अमुक गाव लांब आहे, वाटेत चढ आहे, तुमच्या वयाला झेपायचं नाही. मी त्यातलं अर्धं कापलं. बोलणारा भीती दाखवतो ती कमी करायला जागा ठेवूनच दाखवतो, असं मी आयुष्यभर मानत आलो. त्या दिवशी सायकल ढकलत परतलो तेव्हा दुपार टळली होती आणि माझी पोटरी आकडीनं दगड झाली होती. त्या म्हाताऱ्यानं एक फर्लांगही वाढवून सांगितला नव्हता.

श्रावण लागला. किल्ली माझ्याकडे होती, कागद कोरा होता. रात्री जेवताना मुलगी काही विचारायची नाही, आणि ते विचारण्यापेक्षा वाईट होतं.

पंक्चरवाल्याच्या समोर एक चहाची टपरी आहे. तिथं मी त्याच्याकडे पाठ करून बसायचो. एक दिवस मागून त्याचा आवाज आला. कोणा गिऱ्हाइकाला सांगत होता, "पाहून घ्या, तुमचाच काटा हाय. कोन्या गावावरून आले?" त्या माणसानं गाव सांगितलं. "हं, मंग इथं लावतो."

"हे काय नवीन काढलं गा?"

"काय करू. एक जन म्हने, भोक मीच पाडतो."

"कोन तो?"

"हाय एक नागपूरचा शेठ. सायकलवर फिरते."

सगळे हसले. मी चहाच्या ग्लासात पाहत राहिलो. उठून त्याची गचांडी धरावी असं वाटलं. नागपूरच्या दुकानात मी तेच केलं असतं. पण ऐकताना एक गोष्ट कानात अडकली होती, आणि माझा राग कितीही मोठा असला तरी कामाची गोष्ट त्याच्या खाली दबत नाही.

तो जेवायला घरी गेल्यावर मी जवळ जाऊन पाहिलं. टपरीच्या कुडाला खोक्याची एक मोठी फळी टांगलेली, तिच्यावर जुन्या ट्यूबचं रबर ताणून ठोकलेलं. मधोमध खडूनं मोहाडी. सभोवती गावांची नावं, नदीकडची एका बाजूला, तलावांकडची दुसऱ्या, जिथल्या तिथं. आणि मोहाडीपासून प्रत्येक गावापर्यंत, रबरात टोचलेले काटे. बाभळीचे, बोरीचे आकडे, हिवराचे. एका वाटेवर नुसत्या काचा. तिथं दारूचं दुकान असावं. एका वाटेवर बैलाच्या नालेचे खिळे. म्हणजे ती गाडीवाट. भंडारा-तुमसर रस्त्यावर टायरमधून निघणाऱ्या तारांचे बारीक तुकडे इतके, की रबर दिसत नव्हतं. फोनमधल्या नकाशाला जे माहीत नव्हतं, ते या फळीला माहीत होतं. कुठल्या वाटेनं माणूस आता, या महिन्यात, खरंच येतो-जातो आणि त्याच्या पायाखाली काय येतं, हे तिच्यावर होतं. माझ्या एका आरोपातून हा नकाशा तयार झाला होता.

फळीवर एक जागा मोकळी होती. मोहाडीपासून निघून दोन गावांमधून जाणारी, तलावाच्या वरच्या अंगानं फिरून परत येणारी वाट. एक काटा नाही, एक खिळा नाही.

त्याला विचारता आलं असतं. त्यासाठी आधी एक वाक्य बोलावं लागलं असतं, आणि ते वाक्य मी आयुष्यात कोणाला बोललो नव्हतो. मी फोन काढला आणि फळीचा फोटो घेतला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी कागद मुलीपुढे ठेवला. मोकळी वाट लाल पेन्सिलीनं काढली होती, गावं लिहिली होती. तिनं बराच वेळ पाहिलं.

"चांगला काढला बाबा. कोणी सांगतलं?"

"कोणी कायले सांगायला पाहिजे? मीच शोधला."

तिनं त्या कागदाचा फोनवर फोटो काढला आणि मूळ कागद फ्रिजवर लावला. खूप दिवसांनी तिला माझ्यासमोर निवांत बसलेलं पाहिलं.

पोळ्याच्या सकाळी निघालो. रस्ता खरोखरच चांगला होता. ट्रक नाही, खड्डा नाही, दोन्ही बाजूंना पोपटी धान. बैलांना त्या दिवशी सुट्टी, म्हणून शेतात माणूस नव्हतं. इतर कुठल्याही दिवशी शेताच्या धुऱ्यावरून कोणीतरी हटकलं असतं, कुठं चालले जी, आणि मी चिडलो असतो, पण ऐकलं असतं. त्या दिवशी मला हटकायला कोणीच नव्हतं.

पहिलं गाव लागण्याआधीच नाल्यावरचा रपटा आला, म्हणजे पावसात पाणी वरून जातं असा ठेंगणा पूल. त्याच्यावरून पाणी वाहत होतं, गढूळ, माझ्या अंदाजानं घोट्याएवढं. त्या अंदाजातही मी थोडं कापलं असणार. मी उतरलो आणि सायकल धरून पाण्यात शिरलो. गुडघ्यापर्यंत पाणी आलं. मध्यावर रपट्याचा एक तुकडाच वाहून गेलेला होता, ते पाण्याखाली दिसत नव्हतं. पुढचं चाक त्या फटीत गेलं, पाण्यानं मागची बाजू फिरवली, आणि चाक माझ्या डोळ्यांदेखत पापडासारखं वाकलं. मी हँडल सोडलं नाही. गुडघा दगडावर आपटला. कसाबसा अलीकडच्या काठावर आलो, सायकल ओढून आणली आणि बसून राहिलो. फोनला रेंज नव्हती. पलीकडच्या गावातून बैलांच्या घुंगरांचा आणि झडत्या, पोळ्याची गाणी, म्हणणाऱ्यांचा आवाज येत होता. मी दोन-तीन हाका मारल्या. मग थांबलो. सणाच्या गलक्यात माझं कोण ऐकणार?

दुपार चढल्यावर मुलीची स्कूटी आली. तिच्या मागे मोपेडवर पंक्चरवाला. माझा पत्ता लागेना तेव्हा ती कागदाचा फोटो घेऊन बाजारात गेली होती, आणि चहावाल्यानं तिला समोर पाठवलं होतं. रस्त्यांचं त्याला विचारा, म्हणून.

त्यानं आधी माझा गुडघा पाहिला, मग चाक. मग मुलीला म्हणाला, "दाखवा बरं तो कागद पुन्हा." पाहिला. माझ्याकडे पाहून विचारलं, "हा कोनं सांगतला तुम्हाले?"

"बाबांनी स्वतः शोधला," मुलगी म्हणाली.

"हव," तो म्हणाला. "मोकळं दिसलं म्हनून आले ना जी?" आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला उत्तर देता आलं असतं. "रपटा गेल्यापासून इकडून सायकलच येत नाही. मंग काटा कुठून येईल?"

मुलीनं एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. तिला किती कळलं कोण जाणे. माझ्या खांद्याखाली हात घालून ती म्हणाली, "बाबा, तुम्ही घरी चला."

सायकल त्यानं मोपेडला बांधून नेली. चार दिवसांनी मी लंगडत त्याच्या टपरीवर गेलो. यायचं कारण माझ्या मनात वेगळं होतं, पण तोंडातून निघालं ते, "रिम किती पडेल?" त्यानं सांगितलं. मी म्हणालो, फार होते. तो म्हणाला, "ताई काल येऊन गेल्या. शिपायाच्या पोरीसाठी बनवून द्या म्हने. पैसे देऊन गेल्या."

म्हणजे सौदा माझ्या मागे झाला होता, आणि एकाच भावात.

आता शिपायाची पोरगी त्या सायकलवर शाळेत जाते. मला पाहिलं की घंटी वाजवते. मी सकाळी पायी बाजारापर्यंत जातो आणि चहाच्या टपरीवर बसतो, आता तोंड फळीकडे करून. फळीवरच्या त्या मोकळ्या जागेत एक स्पोक टोचलेला आहे, मधोमध वाकलेला. माझ्याच चाकातला. नवीन गिऱ्हाईक विचारतं, हे काय हो, तर तो सांगतो, "तिकडे रस्ता नाही." त्यापुढे काही सांगत नाही. माझं नाव घेत नाही, नागपूरच्या शेठचा विषय काढत नाही.

तो स्पोक लावण्याआधी त्यानं मला विचारायला पाहिजे होतं. माझी वस्तू होती ती. हे त्याला ठणकावून सांगायचं मी रोज ठरवतो, ग्लास खाली ठेवतो आणि उठून घरी येतो.