जांभळं टोपण

गोव्यातल्या इब्रामपूरची सुमंगला गावस गुरांची प्रोफेसर, आणि गुराच्या अंगाला हात लावून तिला एकवीस वर्षं झालेली. यात खोटं काही नाही हो! महाराष्ट्रातल्या एका पशुवैद्यकीय महाविद्यालयात ती जीवरसायनशास्त्र शिकवते, म्हणजे गुराच्या रक्तात काय नि किती असतं ते. तिच्या विभागात गुरं येतच नाहीत. येतं ते रक्त, नळीत भरून, वर टोपण लावून. नळी लाथ मारत नाही, शिंग उगारत नाही. त्यामुळे तिचं नि नळ्यांचं छान जमलेलं.

पण हे गावाला समजावणार कोण? सुट्टीत ती घरी आली की कुणी खरजुला कुत्रा घेऊन, कुणी लंगडं बकरं घेऊन दारात हजर. ‘हे माझ्या विषयात येत नाही’ असं ती म्हणायची, आणि माणसं एकमेकांना सांगायची, एवढी शिकली, पण गर्व म्हणून नाही बघा.

गर्व होता, पण तो वर्गात. पहिल्याच तासाला ती दोन नळ्या वर धरायची, एक तांबड्या टोपणाची, एक जांभळ्या. जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून जे रसायन घालतात, ते रक्तातलं कॅल्शियमच धरून ठेवतं. “कॅल्शियम मोजायचं रक्त जांभळ्या नळीत घेणाऱ्यानं माझ्या विभागाची पायरी चढू नये!” डिचोलीचा सिद्धेश मळीक तोंडी परीक्षेत नेमका इथंच अडकला. आपल्याकडचा मुलगा म्हणून दुसऱ्या कुणी दोन गुण सोडले असते. हिनं त्याला दोनदा नापास केलं आणि वर ते सगळ्यांना कौतुकानं सांगितलं.

यंदाच्या मे महिन्यात ती आली ती नळ्यांची पेटी घेऊनच. पेडण्याच्या गायींमधलं कॅल्शियम, असा नवा शोधनिबंध डोक्यात होता. घरी गौरवी वयनीची तांबडी गाय दोन दिवसांपूर्वी व्यालेली. भाऊ तुयेच्या कारखान्यात कंत्राटावर, आज काम आहे तर उद्या नाही. घर खरं चालायचं ते तांबडीच्या दुधावर. ती आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ पाळीवर गेला आणि गोठ्यातून वयनीची हाक आली.

“सुमंगला, धाव गो! तांबडी उठना नाय!”

तांबडी मान कुशीवर टाकून बसली होती. कान थंडगार, नाकाड कोरडं. सुमंगलानं एका नजरेत ओळखलं. व्याल्यावर कॅल्शियम दुधात उतरतं, रक्तात कमी पडतं आणि गाय बसते. हा धडा तिला तोंडपाठ. गोठ्याच्या तोंडाशी वाड्यावरची, आजूबाजूच्या घरांतली, दहाबारा माणसं जमलेली बघून तिला राहवेना आणि तिनं तो धडा पहिल्यापासून शिकवला. हाडं झाली, ग्रंथी झाल्या, आकडे झाले. माणसांनी माना डोलावल्या. तांबडीची मान आणखी खाली गेली.

“सरकारी डॉक्टरला फोन केलास का?” सुमंगलानं मध्येच विचारलं.

“घरात तू असताना दुसऱ्याक कसा बोलवू?” वयनी म्हणाली. “तुझो अपमान नाय होवचो?”

झालं! आता करायचं काय? सुमंगलानं जे येत होतं ते केलं. आधी नमुना, मग उपचार, असं म्हणत पेटी उघडली आणि तीन ठिकाणी सुई टोचून रक्त काढलं. नळी भरली. टोपण लावलं. उपचार मात्र पेटीत नव्हता. असता तरी शिरेतून कॅल्शियम द्यायचं म्हणजे काळजाचं काम. घाई झाली की गायीचं हृदय जागीच थांबतं. तिनं ते विद्यार्थी असताना एकदाच दिलं होतं, तेही मागं सर उभे होते म्हणून.

वयनी तांबडीचं डोकं मांडीवर घेऊन रडू लागली. “ता शिकवणा मागीर कर गो. माजी गाय वाचव!”

सुमंगलाला वाटलं, आत्ता या शेणात गाडून घ्यावं. मग ती सगळ्यांसमोर म्हणाली, “वयनी, मला येत नाही. खरंच येत नाही,” आणि पेडण्याच्या दवाखान्याला फोन लावला.

“मळीक बोलतो,” पलीकडून आवाज आला. तिनं नाव नि गायीची अवस्था सांगितली. “मॅडम, तुमी? तिला सरळ बसवून ठेवा, लवंडू देऊ नका. मी इलोच.”

सिद्धेश मोटारसायकलवरून अर्ध्या तासात आला. कॅल्शियमची बाटली कोमट पाण्यात धरली, मानेची शीर एका बोटानं शोधली, सुई घातली. बाटली त्यानं सुमंगलाच्या हातात दिली आणि स्वतः गायीच्या छातीला स्टेथोस्कोप लावून बसला. “मॅडम, खाली घ्या, धार मंद होऊ दे. आणखी खाली. आता थोडी वर.” आणि प्रोफेसर सुमंगला गावस सांगितल्याबरहुकूम बाटली खालीवर करत राहिली.

बाटली संपत आली तशी तांबडी थरथरली. मोठा ढेकर दिला, शेण टाकलं, आणि थोड्या वेळानं मागचे पाय झाडत उभी राहिली. वयनी तिच्या गळ्यात पडली. वाड्यानं निकाल लगेच लावला. डॉक्टरला शिकवलं कोणी? आमच्या सुमंगलानं! म्हणजे गाय वाचवली ती सुमंगलानंच. ती नको नको म्हणाली. बघा, गर्व म्हणून नाही.

हात धुऊन सिद्धेश पेटीपाशी आला आणि थबकला. सुमंगलानंही तेव्हाच पाहिलं. तिनं भरलेल्या नळीचं टोपण जांभळं होतं.

त्यानं नजर वळवली आणि बॅग आवरायला घेतली. तेवढ्यावर सुटता आलं असतं. पण सुमंगलानं नळी उचलून वर धरली, वर्गात धरायची तशी.

“मळीक, या नळीत कॅल्शियम किती येईल?”

तो आपसूक ताठ उभा राहिला. “जवळजवळ शून्य, मॅडम.”

“आणि हे रक्त घेणाऱ्याचं काय करायचं?”

सिद्धेशनं तांबडीकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, “ऑक्टोबरात परत बसवायचं, मॅडम.”

“कोण नापास झाला गो?” वयनीनं घाबरून विचारलं.

“मी, वयनी.”

“जावंदे,” वयनी म्हणाली. “दोघांय आधी चाय घेवा.”