थोरलीचा मान

रविवारी सकाळी नळाचं पाणी जायच्या आत मी क्वार्टरच्या मागच्या अंगणात बसायची आणि केसांना काळा रंग लावायची. वाटीत पूड कालवायची, जुन्या टूथब्रशनं भांगापासून सुरुवात करायची, कानाला लागला तर खोबरेल तेलानं पुसून टाकायची. वालचंदनगरला आमच्या ओळीतल्या निम्म्या बायका हेच करायच्या, पण दारं लावून. मी उघड्यावर. कुणी काही बोललं तर म्हणायची, "दिवाळीला घराला रंग देतो, दाराला देतो, मग डोक्यानंच काय घोडं मारलंय?"

मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आज पांढरं डोकं घेऊन बसले म्हणून मी कुणाला उपदेशही करणार नाही. अंथुर्ण्याहून लग्न होऊन आले तेव्हा मी सातवी पास होते, नऊवारी नेसत होते आणि मी तोंड उघडलं की शेजारणी एकमेकींकडं बघायच्या. यांची कंपनीत नोकरी, आजूबाजूला सगळी शिकलेली माणसं. मी ऐकून ऐकून बोलणं बदललं. सहावारी नेसायला लागले, सायकल शिकले, पुढं कॉलनीतल्या बालवाडीत पोरांना शिकवायला लागले. हे सगळं माझं मी कमावलं, कुणी ताटात वाढून दिलं नाही. काळे केस त्याच कमाईतले, असं मी धरून चालले होते.

मग नव्वदच्या दशकात, घरोघरी केबल आली त्या दिवसांत, माझ्या लेकीचं लग्न ठरलं.

लेक बारामतीला कॉलेजात शिकली आणि तिथंच नोकरीला लागली. स्थळही बारामतीचंच. साखरपुडा तिथल्या एका कार्यालयात होता. अंथुर्ण्याहून माझी धाकटी बहीण आली. तिला माहेरच्या गावातच दिलेली. उसाला पाणी देणं, म्हशी, वैरण, सगळं तिच्या अंगावर. उन्हानं रापलेली, नऊवारीतली, आणि केस तर चाळिशीच्या आतच कापसासारखे पांढरे झालेले. ती भिंतीला टेकून, डोक्यावर पदर घेऊन बायकांत बसली होती. मी मोतिया रंगाच्या साडीत, काळाभोर अंबाडा घालून इकडून तिकडं धावत होते.

आता आजीचीर म्हणजे काय, ते सांगते. लग्नात नवऱ्या मुलाकडून नवरीच्या आजीला मानाचं लुगडं देतात, ते आजीचीर. खरं तर ते लग्नात द्यायचं. पण आमचे व्याही हौशी, साखरपुड्यालाच घेऊन आले. मुलीची आजी आता नाही, आई आणि सासूबाई दोघीही कधीच गेल्या, हे त्यांना सांगायचं आमच्याकडून राहून गेलं होतं.

मुलाची काकू हिरवंगार इरकली लुगडं ताटात घेऊन पुढं आली. तिनं चारी बाजूंना नजर फिरवली आणि सरळ माझ्या बहिणीपाशी गेली. "या आजी, मानाच्या पाटावर बसा," म्हणून तिला हाताला धरून उठवलं. पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओटी भरली, वर ते लुगडं ठेवलं. मुलगा संस्कारी, तो लगेच वाकला.

बहिणीनं माझ्याकडं पाहिलं. ती तेव्हाच 'नाही' म्हणू शकली असती. पण लहानपणापासून तिच्या अंगात खोड्या. तिनं गंभीर चेहऱ्यानं मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "औक्षवंत व्हा, जावईबापू." मग मला हाक मारली, "ये गं पोरी, आईच्या शेजारी बस."

आमच्याकडची माणसं पोट धरून हसायला लागली. मुलाकडच्यांना काही कळेना. आणि माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की वीस-पंचवीस वर्षं सांभाळलेलं बोलणं कुठल्या कुठं गेलं.

"आवं, आजी कुठली! धाकटी भन हाय ती माजी. मी थोरली हाय, मी!"

काकूनं माझ्या डोक्याकडं पाहिलं, बहिणीच्या डोक्याकडं पाहिलं आणि जीभ चावली. विहीणबाईंनी हात जोडले. बहीण लुगडं परत द्यायला लागली, पण दिलेला मान परत घेत नाहीत, म्हणून ते तिच्याच पिशवीत गेलं. हे तर परतीच्या एसटीत वालचंदनगर येईपर्यंत मला चिडवत होते, "तुझ्या आईचा स्वभाव फार चांगला हं."

मी हसले नाही. बहिणीला म्हातारी समजले याचा राग नव्हता, तिनंच ती मजा लुटली होती. बोलणं घसरलं याचीही लाज वाटली नाही. राग होता तो माझ्या जागेवर दुसरी बसली याचा.

आमच्या वडिलांची मेंढरं होती. दिवाळीनंतर आबा आणि आई कळप घेऊन कोकणच्या बाजूला निघायचे ते पावसाच्या तोंडाला परत. आमच्या रानात कालव्याचं पाणी, ऊस, हे सगळं नंतरचं. घरी राहायचो आम्ही भावंडं आणि एक चुलती. चुलती भाकरी घालायची, पण धाकटीला कडेवर घेऊन वाढवलं ते मी. तिचं नाक मी पुसलं, तिला मार देणाऱ्या पोरांना मी मार दिला. त्याबदल्यात मला एक गोष्ट मिळाली होती. थोरलीच्या आधी धाकटीनं पाटावर बसायचं नाही, आणि कुठंही भेट झाली तरी आधी थोरलीच्या पाया पडायचं. आबा परत आले की सगळ्यांदेखत विचारायचे, "थोरलीचं ऐकलं का?" तो प्रश्न ऐकला की माझी मान ताठ व्हायची. माझ्याकडं तेव्हा अंगावरच्या परकराशिवाय दुसरं काही नव्हतं, पण थोरलेपण होतं. आणि ते मीच वाटीत पूड कालवून पुसून टाकलं होतं. तरुण दिसायच्या नादात मी माझ्याच धाकटीची लेक होऊन बसले होते!

पुढच्या रविवारी रंगाची डबी फळीवरच राहिली.

लग्नाला अजून वर्ष होतं. पांढरे केस वाढायला लागले आणि माझं डोकं दोन रंगांचं झालं, वर चुना आणि खाली काजळ. शेजारच्या वहिनींनी हळूच विचारलं, "बरं नाही का तुम्हाला?" बालवाडीतल्या एका पोरीनं सांगितलं, "बाई, तुमच्या डोक्याला पीठ लागलंय." मी म्हटलं, "लागू दे, भाकरी करू." आरशात बघायला सुरुवातीला जड गेलं, हे खरं. पण आत काहीतरी जागेवर येत होतं. बोलताना मध्येच 'हाय' निघून गेलं तरी मी ते मागं ओढेनाशी झाले.

लेक मात्र बिथरली. शनिवारी घरी आली, मला पाहिलं आणि पिशवी खाली न ठेवताच म्हणाली, "मम्मी, हे काय? लग्नात सगळे काय म्हणतील?"

"म्हणतील, नवरीची आई आली."

"सासरची माणसं नावं ठेवतील. साखरपुड्यात झालं तेवढं पुरे नाही का? तू माझ्यासाठी एवढंही करू शकत नाहीस?"

या शेवटच्या वाक्यानं मी गार पडले. तिच्यासाठी मी काय केलं नव्हतं? तिला सायकलवर पुढं बसवून शाळेत सोडलं, तिच्या तोंडी गावची बोली येऊ नये म्हणून घरातसुद्धा स्वतःचा शब्द न् शब्द चाळून बोलले. आता सासरी गेल्यावर पहिल्याच दिवशी तिला कुणी टोमणा मारला तर? आईचं मन शेवटी. ती परत बारामतीला गेली आणि मी फळीवर पाहिलं, तर जुन्या डबीशेजारी तिनं नवी डबी आणून ठेवली होती. मी ती फेकली नाही. लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत रोज तिच्याकडं बघत होते. एकदा तर वाटीत पाणीही घेतलं होतं.

आदल्या दिवशी सकाळी बहीण आली. दारातच माझ्या पाया पडली, उठली आणि माझ्या डोक्याकडं बघून म्हणाली, "आक्का, आता जरा माझ्या आक्कावाणी दिसाया लागलीस. पर ही खालची शेपटं कशाला ठिवलीत?"

तिच्या पिशवीत आबांची लोकर कातरायची कातर होती. लग्नघरात काहीतरी कापायला लागतंच, म्हणून ती कुणाच्याही लग्नाला जाताना कातर घेऊन जायची. तिनं मला मागच्या अंगणात बसवलं, रंग लावायची त्याच जागी.

वहिनी कुंपणापलीकडून ओरडल्या, "अहो, सवाशिणीनं केस कापू नयेत, तेही लग्नाच्या तोंडावर!"

"क्यास न्हाय कापत, वैनी," बहीण म्हणाली. "रंग कापतीया." मग मला दम दिला, "हालू नगंस. आबांच्या हाताखाली मेंढरं कातरलीत म्या, तू काय इशेष न्हाईस."

काळे झुपके अंगणात पडले. उरला तो लिंबाएवढा पांढरा अंबाडा. लेक तेव्हा दारात येऊन उभी राहिली होती. तिनं पाहिलं आणि आत निघून गेली. त्या दिवशी ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मी आतून हलले होते, पण डबीला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात, अक्षता पडायच्या आधी, बहिणीनं मला नवरीच्या खोलीत ओढलं आणि पिशवीतून ते हिरवं लुगडं काढलं. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"ह्ये तुजं, आक्का. थोरलीच्या आधी म्हातारी व्हायाचा मान मला कसा पचायचा?"

"अगं, आजीचं लुगडं, आणि मी नवरीची आई—"

"व्हशील की आजी. आन् आई हितं न्हाय, मग तिच्या जागी कोण? थोरलीच."

मला रडू आलं ते या वाक्याला. इतक्या वर्षांनी नऊवारी नेसायला घेतली तर हात विसरलेले. बहीण कासोटा घालायला लागली. तेवढ्यात लेक आरशासमोरून उठली, शालू सावरत माझ्यापुढं गुडघ्यावर बसली आणि म्हणाली, "मावशी, निऱ्या कशा धरायच्या ते सांग." तिच्या बांगड्या माझ्या लुगड्याला अडकत होत्या. माझ्याकडं तिनं वर पाहिलं नाही, पण निऱ्या घट्ट धरल्या.

लग्न लागलं. मग नवरा-नवरी पाया पडायला निघाले, शालू आणि उपरण्याची गाठ बांधलेली. आम्ही दोघी बहिणी शेजारी शेजारी उभ्या. दोघी नऊवारीत, दोघी पांढऱ्या. जावई आमच्यासमोर आले आणि थबकले. एकदा पोळलेला माणूस. ते माझ्याकडं बघतात, तिच्याकडं बघतात. मागं व्याह्यांकडची सगळी मंडळी, ती काकूसुद्धा, मान लांब करून बघायला लागली.

जावई बहिणीकडं वळणार इतक्यात लेकीनं गाठीला हिसका दिला. ते कोलमडतच माझ्यासमोर आले. आणि जन्मापासून जिच्या तोंडी मी 'आहे'शिवाय दुसरं काही येऊ दिलं नव्हतं, ती माझी पोर सगळ्या कार्यालयाला ऐकू जाईल असं म्हणाली,

"आधी हितं. ही थोरली हाय."

दोघं वाकली. मी लुगड्याच्या निऱ्या जरा वर धरल्या आणि पाय पुढं केले.