सांडवा कुणी फोडला

राधाकिशन राज्यसभेवर गेला तेव्हा गावानं त्याच्या कार्याचं पुस्तक काढायचं ठरवलं. शाळेतले सूरज मास्तर छपाईआधी मला मजकूर वाचून दाखवायला आले. तिसऱ्या पानावर वाक्य होतं : ‘साहेबांनी स्वतः घण मारून पाझर तलावाचा सांडवा फोडला.’

“हे काढा,” मी म्हणालो. “सांडवा मी फोडला.”

“तात्या, सायेब बी तिथंच व्हते ना?”

“व्हता. पहार धरून बसला व्हता.”

“त्यांनी वाचलेला मजकूर हाय. मला बदलता येत न्हाई.”

वाचणाऱ्याला कळावं म्हणून सांगतो. तलावाचं जादा पाणी बाहेर जायला खडक फोडून वाट काढतात, तो सांडवा. खडकात सुरुंगाचं भोक पाडायला दोन माणसं लागतात. एक उकिडवा बसून पहार उभी धरतो आणि प्रत्येक घावाला जराशी फिरवतो. दुसरा घण मारतो. शहाऐंशीच्या दुष्काळात रोजगार हमीवर आमची जोडी होती. घण माझा, पहार त्याची. एक्केचाळीस दिवस.

शेवटच्या दिवशी माझा एक घाव हुकला. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं ठेचली. तो ओरडला नाही. “थांब बे, पानी दे,” एवढंच म्हणाला.

ती बोटं पुन्हा वाकली नाहीत. कष्टाचं काम सुटलं. मग तो पाटोद्याला तहसीलसमोर लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहू लागला. रोजगार हमीच्या कामावर लेकुरवाळ्यांना सावली नव्हती. अर्जावर अर्ज लिहून त्यानं तिथं छप्पर घालायला लावलं. त्यातून सरपंच झाला. पुढं जिल्हा परिषद, दोनदा आमदार, एकदा पडला, आणि आता दिल्ली.

मी तेवढ्या काळात त्रेसष्ट विहिरी फोडल्या. हार कुणी घातला नाही. माझे लाखभर घाव बरोबर बसले, त्यांचं काही झालं नाही. एक हुकला, त्यातून आमदार निघाला.

“जळताय कावून?” केशरबाई, माझी बायको, म्हणाली. “तुमी बी बसायचं व्हतं अर्ज लिव्हायला. सातवी पास हाव की.”

सावलीत बसणं मला काम वाटत नव्हतं.

मास्तरांकडून ते पान घेऊन मी पाटोद्याला राधाकिशनच्या घरी गेलो. सकाळचे सहा वाजले होते. माझ्या आधी चाळीसेक माणसं होती. नंबर लावून बसलो आणि तो काम किती करतो ते बघत राहिलो. कुठं अंगचोरपणा दिसतो, हेच शोधत होतो.

अकरा वाजेपर्यंत तो जागचा उठला नाही. प्रत्येक कागद स्वतः वाचला, मागची बाजूसुद्धा. एका म्हातारीच्या निराधाराच्या पगारीसाठी तहसीलच्या साहेबाला फोन लावला आणि तो साहेब बोलायला येईपर्यंत फोन कानाला धरून बसला. सही करताना कागद सरकू नये म्हणून डाव्या मनगटानं दाबत होता. अंगचोरपणा सापडला नाही. त्यानं मला जास्तच राग आला.

माझा नंबर आला.

“म्हाळू, तू भाईर बसलास? सरळ आत यायचं न्हाई व्हय?”

“समदे बसलेत. मी काय लाडाचा हाय?”

मी पान पुढं केलं. त्यानं वाचलं, वाक्य खोडलं आणि वर लिहिलं : ‘सांडवा म्हाळूनं फोडला. मी पहार धरली होती.’

“बराबर हाय?”

“हाय.”

त्यानं खोडायला नको होतं. दोन शब्द भांडता आलं असतं. सहा मैल मी भांडण जुळवत आलो होतो.

“मजकूर सायबानं वाचला व्हता म्हनत्यात,” मी म्हणालो.

“वाचला व्हता. गोड लागला, ठेवला.” तो हसला. “बोटाचं बी लिहू का खाली?”

“नको. तू लिव्हलंस तर तुझंच कौतुक व्हईल. ते मी लिहितो.”

“लिही. छापायला मी सांगतो.”

म्हणून लिहिलं. त्या शेवटच्या दिवशी घणाचा दांडा ढिला नव्हता. मी थकलोही नव्हतो. मुरूम वाहणाऱ्या बायका राधाकिशनच्या कसल्याशा बोलण्यावर हसल्या आणि माझी नजर तिकडं गेली. रोजच हसायच्या. माझ्या बोलण्यावर कधी कुणी हसलं नव्हतं. पहार धरणाऱ्याचा हात खाली असताना घण मारणाऱ्यानं नजर उचलायची नसते. मी उचलली.