हिरवी वायर

कानडी मुलखातल्या शिवाजीनगरच्या बाजारात उपेंद्र मोहिते यांचं, म्हणजे सगळ्यांच्या अण्णांचं, दुरुस्तीचं दुकान होतं. पूर्वी रेडिओ यायचे, आता गिटारवाल्यांची पेडलं येत. पायाने दाबली की गिटारचा आवाज बदलणारे हे लोखंडी डबे कुठल्या क्रमाने जोडायचे, हे सगळे अण्णांनाच विचारत; कारण अण्णा कुणाला उगीच महागाची वस्तू गळ्यात मारत नसत.

मनस्विनी त्यांच्याकडे चार वर्षं येत होती. शहराच्या एका टोकाच्या येलहंकाची पोरगी, दुसऱ्या टोकाला बेळ्ळंदूरला नोकरी, आणि शनिवार-रविवार गिटार. गायचीही स्वतःच. कार्यक्रमासाठी अण्णांनी तिला तीनच पेडलं बांधून दिली होती. स्टेजवर वाकून बटणं शोधत बसलीस तर गाणं निसटेल, असं त्यांचं म्हणणं. रेकॉर्डिंगसाठी मात्र आठ पेडलांचा मोठा बोर्ड केला. तिथे वेळ असतो, पुन्हा पुन्हा वाजवता येतं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी तिचा फोन आला. मैत्रिणीच्या फ्लॅटमध्ये रेकॉर्डिंग लावलं होतं आणि गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या अँपमधून सारखी घूं घूं येत होती.

"अण्णा, स्वल्प... जरा येऊन बघता का? एवढ्या आवाजात काहीच घेता येईना."

अण्णा गेले. पेडलांचा बोर्ड एका सॉकेटवर, अँप दुसऱ्यावर, दोघांचं अर्थिंग एकमेकांत गुंतून गुणगुण करत होतं. खरं तर दोन्ही एकाच सॉकेटवर घ्यायला हवं होतं, पण वायर पोचत नव्हती. अण्णांनी अँपचा तीन पिनांचा प्लग उघडला, अर्थिंगची हिरवी वायर सोडवली, टोकाला टेप गुंडाळला. घूं घूं थांबली. मनस्विनी हसली. हे आजच्यापुरतं, उद्या आणून दे, जोडून देतो, एवढं सांगायचं त्यांच्या मनात होतं. तेवढ्यात दुकानातून फोन आला, गिऱ्हाईक खोळंबलं होतं. अण्णा बोलत बोलतच जिना उतरले.

नऊ दिवसांनी एका सोसायटीच्या वार्षिक कार्यक्रमात तिने तोच अँप लावला. जुना अँप, त्याच्या लोखंडी सांगाड्यात वीज उतरली होती. ती जमिनीत सोडायला अर्थिंग नव्हतं. तारांवर बोटं ठेवून ती गायला पुढे झाली आणि ओठ माइकला लागले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

पेपरात आलं, मांडववाल्याची वायरिंग खराब होती. मांडववाल्याला अटक झाली. अण्णांनी ते दोनदा वाचलं. घरात कुणाला काही बोलले नाहीत. चूक अँपचीच असेल असं कशावरून, असं मनाला समजावून पाहिलं; पण प्लग कुणी उघडला होता, ते हातांना ठाऊक होतं.

पाचव्या दिवशी ते येलहंकाला गेले. मनस्विनीचे वडील भगवंतराव यांनी त्यांना ओळखलं, बसायला सांगितलं. पोरगी तुमचं नाव फार काढायची, म्हणाले. अण्णा उभेच राहिले. उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

भगवंतरावांनी विचारलं, "तिला माहीत होतं?"

"नाही. मी सांगायला हवं होतं. राहून गेलं."

"राहून गेलं," भगवंतराव म्हणाले. आतून तिच्या आईने कोण आलंय म्हणून विचारलं. भगवंतरावांनी पायात चपला सरकवल्या. "चला ठाण्यावर. हेच तिथे सांगा."

दोघं एकाच रिक्षाने गेले. अण्णांनी जबाब दिला, पोलिसांनी प्लग उघडून पाहिला, मांडववाला सुटला.

अण्णांवरचा खटला अजून चालू आहे. दुकान बंद आहे. वकील अण्णांना सांगतो, जबाब दिला नसता तर तुमच्यापर्यंत कुणी आलंच नसतं. अण्णा मान हलवतात. प्रत्येक तारखेला भगवंतरावही येतात आणि कोर्टाबाहेर अण्णा बसतात त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसतात. अण्णांकडे बघत नाहीत. पुकारा झाला की आधी तेच उठतात.