दारात चला, बाई

पंधरा फेब्रुवारी, रविवार. आजचं काम म्हणजे टीव्हीखालचा कप्पा रिकामा करायचा. त्यात टीव्हीची आणि प्रोजेक्टरची गुळगुळीत माहितीपत्रकं कोंबून ठेवली आहेत, ती रद्दीत घालायची. टीव्ही कधीच भिंतीवर लागला, आता ती ठेवण्यात अर्थ नाही. वरच्याच पत्रकावर मोठा निळा समुद्र छापलेला आहे आणि त्यावर पेनानं ठसठशीत फुली मारलेली आहे. ती फुली मारणारे काका आज सकाळच्या बसनं नांदेडला गेले.

"दारात चला, बाई. ट्यूबलाइट खोटं बोलते."

तुमच्यापैकी कुणी सुलतान बाजारात ब्लाउजपीस घेतला असेल तर हे वाक्य कदाचित ऐकलंही असेल. तिथल्या एका बोळातल्या मॅचिंग सेंटरच्या काउंटरवर काका उमेदीच्या वयापासून उभे होते. तुम्ही साडी दाखवलीत की ते ठाणांच्या भिंतीकडे एकदा बघायचे, एक ठाण ओढायचे, त्याचं टोक आणि तुमचा पदर दोन बोटांच्या चिमटीत एकत्र धरायचे आणि चालू लागायचे. पदर तुमच्या अंगावरचा असला तर तुम्हालाही मागोमाग जावं लागे. दुकानाच्या पायऱ्या उतरून, हातगाड्यांच्या मधून, जिथं ऊन पडलं असेल तिथपर्यंत. मागून ऑटोवाला हॉर्न वाजवत असायचा. काका त्याला न बघताच सांगायचे, "ठैरो मियां, कलर देख रए."

काउंटरमागं त्यांच्यासाठी एक स्टूल होतं. त्यावर त्यांचा डबा बसायचा. काका बसलेले मी तरी पाहिले नाहीत. बोलतानासुद्धा एका पायावरून दुसऱ्या पायावर, हातात कसली तरी चिंधी घेऊन, तिचे दोरे उसवत. खिशात कपड्याच्या तुकड्यांचा एक जुडगा असे, कोपऱ्यात टाचलेला. लोक किल्ल्या खुळखुळवतात तसे ते तो जुडगा चाळवायचे.

गौलीगुड्यात आमच्या इमारतीत ते तळमजल्यावर राहायचे. काकू गेल्यापासून एकटेच. एक मुलगी, ती नांदेडला दिलेली. मी जामबागला कॉलेजच्या ऑफिसात आहे, शिकवत कुणालाच नाही, पण एवढ्यावरून त्यांनी मला बाई करून टाकलं होतं. ब्लाउजपीस हवा असला की मी साडी सकाळी त्यांच्याकडे टाकून कामावर जाई आणि संध्याकाळी ते पीस घेऊन जिना चढत येत. दुकानात जायची मला गरजच पडायची नाही.

गेल्या वर्षी माझा नवरा निवृत्त झाला आणि त्यानं जाहीर केलं की घरात होम थिएटर करायचं. त्याला प्रोजेक्टर हवा होता. अख्खी भिंत भरून चित्र, खोलीत अंधार, मोठमोठे स्पीकर. आमचा हॉल पश्चिमेचा आहे. दुपारी तीननंतर त्यात इतकं ऊन येतं की प्रोजेक्टरवर माणसांच्या ऐवजी त्यांची भुतं दिसली असती. मी म्हटलं, मोठा टीव्ही घेऊ. हा वाद लवकर मिटावा म्हणून मी जुना टीव्ही नणंदेला देऊन टाकला आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून भिंतीत पॉइंट काढून घेतले. वाद काही मिटला नाही. नवरा रोज संध्याकाळी चहा घेऊन त्या तीन प्लगसमोर बसू लागला.

मग मला काका आठवले. टीव्ही म्हणजे शेवटी रंग, आणि रंग कळणारा माणूस तर खालीच राहतो. मी विचारलं, तर ते चप्पल घालूनच उभे.

तिथून आमच्या वणवणीला सुरुवात झाली. रविवार उजाडला की काका खालून हाक मारायचे. आधी कोठीतली दुकानं झाली, मग मेट्रो पकडून पंजागुट्टा, मग त्याच्याही पलीकडचे मॉल. मी फुटपट्टीच्या हिशोबानं चालणारी बाई. सोफ्यापासून भिंत किती लांब, वॉरंटी किती वर्षांची, बिघडलं तर माणूस घरी येतो की डबा उचलून आपणच जायचं, एवढं मला कळलं की बास. काकांना यातलं काही नको होतं. ते एका टीव्हीसमोरून दुसऱ्यासमोर जायचे, मान तिरकी करायचे, जवळ जायचे, लांब जायचे, पुन्हा पहिल्याकडे यायचे.

"निळा मेलाय, बाई," ते म्हणायचे.

पहिल्या दुकानात त्यांनी विक्रेत्याला टीव्ही दाराशी आणायला सांगितला. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "पचपन इंच का टीवी दरवाजे पे कैसा लाना चाचा?" काका म्हणाले, "ठान लाते वैसा लाना. दो जने पकड़ो." मी तोंड फिरवून वॉशिंग मशीन बघत बसले.

दुसऱ्या दुकानातही निळा मेलेला होता. तिसऱ्या दुकानात पांढरा म्हणे मलई झाला होता. चौथ्या ठिकाणी समुद्राचं चित्र होतं. आम्हा सगळ्यांना तो इतका निळा दिसत होता की डोळे दुखावेत. काकांनी तिथलंच माहितीपत्रक घेऊन त्यावर फुली मारली. सगळ्या कंपन्यांनी मिळून निळा घालवला, असं त्यांचं मत झालं. घरी नवरा म्हणाला, "या माणसाला आकाश दाखवलंस तर त्यातही खोट काढेल." मला हसू आलं, पण वैतागही आला होता. काकांना मात्र दम निघत नव्हता. मी एखादा रविवार टाळू म्हटलं तर ते म्हणायचे, "नक्को बाई, आज एक नवीन दुकान बगू. तिथं असंल." माझ्या टीव्हीची घाई त्यांनाच जास्त, असं मी म्हणायची. ती घाई टीव्हीची नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

शेवटचं दुकान हायटेक सिटीकडच्या एका मॉलमध्ये होतं. तिथं होम थिएटर दाखवायला वेगळी खोली होती. काळे पडदे, काळी भिंत, जाड खुर्च्या आणि डोक्यावर प्रोजेक्टर. नवराही त्या दिवशी आला होता, तो पहिल्याच खुर्चीत रुतून बसला. दार बंद झालं आणि चित्र सुरू झालं. काका उभेच. थोड्या वेळानं त्यांची सावली पडद्यावर इकडून तिकडे गेली, परत आली. नवरा म्हणाला, "काका, बसा ना." काका म्हणाले, "दार उघडा. इथं काहीच दिसंना."

दार उघडलं. तिथली मुलगी समजूतदार होती. तिनं विचारलं, तुम्हाला नेमका कोणता निळा हवाय, मी लावून दाखवते. काकांनी खिशातून जुडगा काढला, झरझर चाळला आणि एक तुकडा तिच्यापुढं धरला. "ये नेव्ही ब्लू. ये दिखाव."

ती मुलगी तुकड्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "अंकल, ये तो ब्लॅक है."

काका हसले. तिच्या पोरवयाला हसले. "ट्यूबलाइट खोटं बोलते," असं माझ्याकडे बघून म्हणाले आणि सवयीनं निघाले दाराकडे. मीही मागून गेले. मॉलचं मोठं काचेचं दार, बाहेर दुपारचं लख्ख ऊन. काकांनी तुकडा उन्हात धरला. मग त्याच्या शेजारचा तुकडा काढून धरला. दोन्ही बोटांवर घेऊन ते उभे राहिले. माणसं आजूबाजूनं आत येत होती, बाहेर जात होती. पहिल्यांदाच ते एका जागी स्थिर उभे होते.

"बाई," ते म्हणाले, "हे दोन वेगळे आहेत ना?"

एक काळा होता, एक गडद निळा. मला घोळवून बोलता येत नाही. मी म्हटलं, "वेगळे आहेत. तुम्ही दाखवलात तो काळा. तुम्हाला मोतीबिंदू झालाय काका, टीव्हीला काही झालेलं नाही."

त्यांनी जुडगा खिशात घातला. परतीच्या मेट्रोत दाराशी उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून. त्यानंतर पुढं बरेच दिवस मी जिन्यात दिसले की ते खिशात किल्ली शोधत राहायचे.

त्याच मेट्रोत मला माझा नेव्ही ब्लाउज आठवला. वर्षभरापूर्वी त्यांनीच पीस आणला होता. ऑफिसातली एक मैत्रीण म्हणाली होती, नेव्हीवर काळा छान दिसतो, हल्ली कॉन्ट्रास्टची फॅशन आहे. मी आरशात बघितलं होतं. काळाच होता. मी समजले, काकांनी फॅशन बघून आणला असेल.

दुसरीही गोष्ट आठवली. अलीकडे ते गिऱ्हाइकाला दारात नेऊन म्हणत, "आता तुमच्याच डोळ्यांनी बगा. मी सांगनार नाही." लोकांना वाटायचं, केवढा सचोटीचा माणूस. सचोटीचा होताच. पण रंग आता गिऱ्हाईकच सांगत होतं, आणि काकांना ते आतून माहीत होतं. म्हणूनच तर ते दर रविवारी एखादा टीव्ही शोधत होते, ज्यात निळा जिवंत असेल. तो सापडला असता तर दोष बाकीच्या टीव्हींचा ठरला असता, डोळा निर्दोष सुटला असता आणि काउंटरही राहिला असता.

आपण टाळलेली गोष्ट दुसऱ्यानं बोलून दाखवली की राग येतोच. तो ओसरल्यावर ते एका सकाळी वर आले आणि म्हणाले, दवाखान्यात सोबत हवी, त्यांच्या आईचा डोळा ऑपरेशनात गेला होता, म्हणून भीती वाटते. मी सुट्टी टाकली. ऑपरेशन सोपं झालं. त्यांना हिरव्या चादरीखाली झोपवताना ती चादर कुठल्या कापडाची आहे हे त्यांनी नर्सला विचारलं, असं तीच बाहेर येऊन सांगत होती.

मधल्या काळात मी टीव्ही घेतला. एकटीच गेले. सोफ्यापासूनचं अंतर, वॉरंटी, शहरात सर्व्हिस सेंटर आहे की नाही, आणि उन्हात काच चमकते का, एवढं बघितलं. अर्ध्या तासात बाहेर. नवऱ्यानं प्रोजेक्टरचं नाव पुन्हा काढलं नाही. स्पीकर मात्र त्याच्या मनाचे घेतले.

डोळा बरा झाल्यावर काका काउंटरवर परत गेले. आता सगळं सरळ होईल असं मला वाटलं होतं. पण पहिल्याच दिवशी त्यांनी एका बाईला पीस काढून दिला आणि बिलाच्या टेबलावरच्या मुलीनं तो सवयीनं उचलला, साडीला लावून पाहिला, मग पिशवीत घातला. काकांनी ते बघितलं. त्यांनी तिला विचारलं, "कधीपासून बगायलीस?" ती रडायलाच लागली. मालकांनीच सांगितलं होतं, म्हणाली. काका चुकले की टेबलावर गुपचूप पीस बदलायचा, आणि त्यांना कळू द्यायचं नाही. गिऱ्हाईक त्यांच्यासाठी येतं, असं मालक म्हणायचे.

हे सगळं त्यांनी मला जिन्यात सांगितलं, कठड्याचा उडालेला रंग नखानं खरवडत. मी म्हटलं, मग चांगलंच केलं की त्यांनी, आणि आता डोळा सुधारला आहे, उभे राहा पुन्हा. ते म्हणाले, "हौ, डोळा सुधारला. आता दिसतंय ना सगळं." आणि खाली गेले. आठवडाभरात मुलीला फोन झाला, सामान बांधून झालं. दुसरा डोळा नांदेडलाच करायचा ठरला.

काल संध्याकाळी ते निरोप घ्यायला वर आले. हातात वर्तमानपत्राची पुडी. टीव्ही चालू होता. त्यांनी आधी एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा झाकून. असं किती तरी वेळ. नवरा सोफ्यावर सरकून जागा करत होता. काका अर्थातच बसले नाहीत.

"हा डोळा म्हनतो पांढरा," ते म्हणाले. "हा म्हनतो मलई. टीव्ही चांगला घेतलात बाई. निळा जिवंत आहे."

मग त्यांनी पुडी माझ्या हातात दिली. "तुमचा नेव्ही काळा दिला मी. बाकीच्यांचे टेबलावर बदलले. तुमचा मी घरी आनून दिला, तो तसाच राहिला. तुम्ही बोलला नाहीत."

मी म्हटलं, मला वाटलं फॅशन आहे.

"तो इकडं द्या."

"शिवलेला ब्लाउज घेऊन तुम्ही काय करणार?" मी म्हटलं. "नांदेडला घालणार?"

ते हसले. खूप दिवसांनी. "बरं. पन हा दारात नेऊन बगा."

बाल्कनीच्या दारात अजून ऊन होतं. मी साडी काढून आणली, पीसचं टोक आणि पदर दोन बोटांत धरला. काका आतच थांबले होते, जुडगा चाळवत.

"जुळतंय?" त्यांनी आतून विचारलं.

"जुळतंय."

"नीट बगा."

"नीट बघितलं, काका. सुताला सूत जुळतंय."

आज सकाळी त्यांची बॅग नवऱ्यानं बस स्टँडपर्यंत नेली. मी कप्पा आवरला, पत्रकं रद्दीत घातली, समुद्राच्या फुलीसकट. नवा पीस कपाटात ठेवला.

उद्या सकाळी मी ती नेव्ही साडी नेसणार, त्यावर तोच काळा ब्लाउज घालणार आणि ऑफिसला जाणार. ब्लाउज मापाला नीट बसतो. तो बदलावा असं मला काही वाटत नाही.